टेकवले की चालते : एनएफसीचे अंतरंग

पुण्याहून आंबवड्याला निघालेल्या माणसाला वाटेत तीन प्रकारचे बिनतारी व्यवहार भेटतात. स्वारगेट मेट्रो स्थानकावर कार्ड फाटकाला टेकवले की दार उघडते. सातारा रस्त्याला खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग लांबूनच वाचला जातो. कापूरहोळवरून भोर गाठून पुढे आंबवड्यात चहा घेतला, की पैसे द्यायला क्यूआर कोड समोर येतो. यातला एनएफसी फक्त पहिला. हे तंत्र नेमके काय आहे आणि कशाकशाचे बनलेले आहे, ते समजून घेण्यासारखे आहे. रेंज नसलेल्या डोंगरी गावांना त्याचा फायदा शहरापेक्षा जास्त होऊ शकतो, असे माझे मत आहे.

जवळ असणे हाच गुण

निअर फील्ड कम्युनिकेशन म्हणजे अगदी जवळून होणारी देवाणघेवाण. अंतर साधारण चार सेंटिमीटर, कंपनसंख्या 13.56 मेगाहर्ट्झ. फास्टॅगही रेडिओलहरींवरच चालतो, पण त्याची कंपनसंख्या 860 ते 960 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली. त्याची लहर खरोखर हवेत प्रवास करते, म्हणून काही मीटरवरूनही तो वाचता येतो.

एनएफसीत लहर दूर पाठवायचीच नसते. वाचकयंत्रातल्या तारेच्या वेटोळ्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्या क्षेत्रात आलेल्या दुसऱ्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. वेटोळ्याच्या आकारापेक्षा बरेच दूर गेले, की अंतर दुप्पट होताच क्षेत्राचा जोर सुमारे आठव्या हिश्शावर येतो. म्हणून शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातले कार्ड चुकून वाचले जाण्याची शक्यता फार कमी असते.

टॅगमध्ये काय असते

मेट्रोचे कार्ड किंवा एनएफसीचा गोल स्टिकर उजेडासमोर धरला, तर पुष्कळदा आतली तार दिसते. कडेने फिरलेले तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे काही वेढे आणि त्यांना जोडलेली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी एक चिप, एवढाच त्याचा संसार. बॅटरी नाही. वाचकयंत्राकडून मिळालेली वीज चिपमधला रेक्टिफायर एकदिश करतो आणि त्यावरच चिप जागी होते.

मात्र वीज पुरेशी मिळायला वेटोळे सुरात लागलेले हवे. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलका धक्का देत राहिले की तो उंच जातो, भलत्या वेळी दिलेला मोठा धक्काही वाया जातो. तसेच इथे आहे. टॅगची लय वेटोळ्याचे इंडक्टन्स आणि चिपमधला कपॅसिटर मिळून ठरवतात. एनटॅग मालिकेतल्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या चिपमध्ये हा कपॅसिटर 50 पिकोफॅरडचा असतो. 13.56 मेगाहर्ट्झला सूर जुळवायचा, तर त्याच्यासोबत सुमारे 2.75 मायक्रोहेन्रीचे वेटोळे लागते. वेढ्यांची संख्या आणि आकार या हिशेबातून येतात.

उत्तर देण्याची पद्धत मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. टॅगजवळ प्रक्षेपक नसतोच. तो आपल्या वेटोळ्यावरचा भार ठरावीक क्रमाने कमी-जास्त करतो. दोन्ही वेटोळी चुंबकीय क्षेत्राने बांधलेली असल्याने तो सूक्ष्म फरक वाचकयंत्राला आपल्याच वेटोळ्यात जाणवतो, आणि त्या चढउतारातून माहिती वाचली जाते. वेग सेकंदाला 106 किलोबिटपासून सुरू होतो. चित्रपट पाठवायला तो निरुपयोगी, तिकिटाला भरपूर.

फोनच्या पाठीमागे

फोनमध्ये हीच रचना जास्त भागांची होते. पाठीच्या झाकणाखाली पातळ वेटोळे असते. त्याच्यामागे फेराइटचा पत्रा असतो, कारण बॅटरीसारखे धातूचे भाग जवळ आले की त्यांत उलट प्रवाह उठतात आणि क्षेत्र मरते. एनएफसी कंट्रोलर ही चिप संभाषण चालवते. तिच्या आणि वेटोळ्याच्या मध्ये सूर जुळवणारे छोटे कपॅसिटर असतात. पैशांच्या व्यवहाराच्या किल्ल्या पुष्कळ फोनांत सिक्युअर एलिमेंट नावाच्या वेगळ्या चिपमध्ये कुलूपबंद असतात. अँड्रॉइडने 2013 मध्ये, 4.4 आवृत्तीपासून, त्या चिपवाचूनही फोनला कार्डासारखे वागता येईल अशी सोय केली.

नोकिया, फिलिप्स आणि सोनी यांनी 2004 मध्ये एनएफसी फोरम स्थापन केला. आज बँकेचे टॅप करायचे कार्ड, पुणे मेट्रोचे वन पुणे कार्ड आणि ई-पासपोर्टमधली चिप हे सगळे याच 13.56 मेगाहर्ट्झच्या कुटुंबातले.

रेंज नसते तेव्हा

क्यूआर कोड आपल्याकडे गावोगाव पोचला याचे कारण साधे आहे. दुकानदाराला एक छापील कागद पुरतो, गिऱ्हाइकाला कॅमेरा. एनएफसीला मात्र फोनमध्ये वेटोळे आणि कंट्रोलर लागतो, आणि स्वस्त फोनांत खर्च वाचवायला नेमके तेच गाळलेले असतात.

पण एरवीच्या क्यूआर व्यवहाराला इंटरनेट लागते. भोर-वेल्ह्याच्या डोंगरकपारीत रेंज गेली, की गिऱ्हाईक फोन उंच धरून अंगणात फिरते आणि दुकानदार साउंडबॉक्सच्या आवाजाची वाट पाहत बसतो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2022 मध्ये छोट्या रकमांच्या ऑफलाइन व्यवहारांची चौकट जाहीर केली. सप्टेंबर 2023 मध्ये मुंबईत यूपीआय लाइट एक्स आले. त्यात दोन फोन एकमेकांना टेकवले की, दोघांकडेही इंटरनेट नसताना, छोटी रक्कम एकाकडून दुसऱ्याकडे जाते. नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डातही प्रवासापुरते पैसे चिपमध्येच ठेवण्याची सोय आहे. तांत्रिक उत्तर तयार आहे. अडते ते दोन्ही बाजूंच्या हातातल्या फोनांत एनएफसी नसल्याने. स्वस्त फोनांत हा भाग देण्याचा आग्रह व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

आंबवड्यात टॅग लावायचा तर

पैशांपलीकडचाही एक उपयोग सांगतो. आंबवड्यात नागेश्वराचे मंदिर आहे, संस्थानकाळातला झुलता पूल आहे, कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या आहेत. तिथे माहितीचे टॅग लावले, तर अँड्रॉइड फोन टेकवताच मजकूर पडद्यावर येईल. मजकूर टॅगमध्येच असल्याने रेंजची गरज नाही. आयफोनला त्यासाठी वेगळे ॲप लागेल.

जागा मात्र काटकसरीने वापरावी लागते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि अनुस्वारही वेगळे धरून, तीन बाइट घेते. ‘आंबवडे’ एवढ्या नावालाच 18 बाइट लागतात. एनटॅग 213 मध्ये 144 बाइट मावतात, म्हणजे नाव आणि एखादी छोटी ओळ. एनटॅग 216 मध्ये 888 बाइट आहेत. त्यात पाच-सहा छोटी वाक्ये बसतात. समाधीजवळच्या फलकाला हाच घ्यावा.

फलक दगडी किंवा लाकडी असेल तर साधा टॅग चालतो. पुलाच्या लोखंडाला तो चिकटवला तर मुका होतो. तिथे पाठीला फेराइट असलेला, धातूवर लावायचाच टॅग हवा. पावसाच्या पाण्याने वाचनाला फारसा अडथळा येत नाही, पण चिप आणि तारेच्या सांध्यात ओल शिरू नये म्हणून तो इपॉक्सीत बंद केलेला असावा.

आणि लिहून झाल्यावर टॅग कायमचा लॉक करायचा. उघडा ठेवला, तर कोणीही फोन टेकवून त्यात फसवी लिंक भरू शकतो. लॉक केल्यावर काना-मात्राही बदलता येत नाही, म्हणून मजकूर आधी गावातल्या जाणत्यांना वाचून दाखवावा.