दमट हवेत पत्रा टिकवायचा तर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सावंतवाडीहून गोव्याकडे निघाले की पत्रादेवीच्या सीमेआधी तेरेखोल नदीकाठचे बांदा लागते. या पट्ट्यात काजूप्रक्रियेचे लहानमोठे कारखाने आहेत. बी शिजवायचा बॉयलर, टरफले जाळणारी भट्टी, गर सुकवायचा बोरमा, आणि या सगळ्यांना जोडलेले एक्झॉस्ट पंखे, डक्ट, झडपा नि धुराडी. बहुतेक सामान पत्र्याचे, म्हणजे गंजाच्या तोंडचे.

गंजलेला पंखा ही नुसती दिसण्याची अडचण नाही. पाती खाल्ली गेली, डक्टला भोके पडली की पंखा फिरत राहतो, पण धूर बाहेर जात नाही. तो बी फोडणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. म्हणून या यंत्रांवरचा रंग हा कामगारांच्या आरोग्याचा विषय आहे. तरीही तो दुकानदार देईल तो डबा आणि पेंटर म्हणेल ते दर यांवर ठरतो. त्यामागचे काही पक्के गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज : समुद्र लांब आहे, इथे गंजाची एवढी भीती नाही.

वस्तुस्थिती : हवेतले मीठ किनाऱ्यापासून आत येताना झपाट्याने घटते, हे खरे. बांद्याची हवा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याइतकी खारी नाही. पण गंजाला ओलही तितकीच लागते. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की धातूचा पृष्ठभाग ओला धरायचा, असा आयएसओ ९२२३ या मानकाचा ढोबळ नियम आहे. त्यासाठी पाण्याचा थेंब दिसावा लागत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या सिंधुदुर्गात पावसाळाभर पत्रा रात्रंदिवस ओलाच असतो.

त्यात कारखान्याची स्वतःची हवा मिसळते. काजूच्या टरफलातले तेल मुख्यतः ॲनाकार्डिक आम्ल आणि फेनॉल जातीच्या द्रव्यांचे असते. त्याची वाफ नि धूर थंड डक्टमध्ये थिजून काळा, चिकट थर बसतो आणि साधा तैलरंग त्याखाली मऊ पडतो. आयएसओ १२९४४ हे रंगकामाचे मानक परिसराच्या हवेचे सी-१ ते सी-५ आणि त्यापुढे सी-एक्स असे वर्ग करते. शिवाय रसायनांचा आणि उष्णतेचा मारा वेगळा मोजायला सांगते. एकाच कारखान्यात बाहेरचे आवार, शिजवण्याची खोली आणि भट्टीचा मार्ग या तीन वेगळ्या हवा आहेत. तिन्हींना एकच डबा पुरत नाही.

गैरसमज : रेडऑक्साइड मारला की गंज थांबतो.

वस्तुस्थिती : रेडऑक्साइडमधला लाल रंग म्हणजे लोहाचाच ऑक्साइड. तो गंज खात नाही, रोखणारे रसायनही सोडत नाही. फक्त आडोसा करतो. गंजरोधक म्हणून काम करते ते झिंक फॉस्फेट किंवा जस्तयुक्त प्रायमर. पण सुट्या गंजावर मारले तर तेही पापुद्र्यासकट गळून पडते.

रंगाचे आयुष्य डबा उघडण्याआधीच ठरते. तारेच्या ब्रशने घासलेला पत्रा आणि कणांच्या माऱ्याने, म्हणजे ब्लास्टिंगने, ‘एसए २½’ दर्जापर्यंत साफ केलेला पत्रा यांवर तोच रंग सारखा टिकत नाही. ब्लास्टिंग कारखान्यात शक्य नसेल, तर नवा पंखा घेतानाच ते करून मागावे. जुन्या पत्र्यावर आधी तेलकट थर डिटर्जंटने धुवावा, मगच घासावे. उलटे केले तर ब्रश तेल सगळीकडे पसरवतो.

रंग उडालेला डक्ट जवळून पाहा. गंजाची सुरुवात बहुधा मधल्या सपाट भागावर नसते. ती कापलेल्या कडेला, वेल्डच्या दाण्याला आणि बोल्टच्या डोक्याला असते. तीक्ष्ण कडेवरून ओला रंग मागे सरतो आणि तिथे थर पातळ राहतो. म्हणून कडा गोलसर घासून त्यांवर आधी ब्रशने एक जादा हात द्यायचा, मग सगळीकडे फवारणी करायची.

गैरसमज : जीआय पत्रा गंजत नाही, त्याला रंग नको.

वस्तुस्थिती : जस्ताचा थर झिजत झिजत लोखंडाला वाचवतो, त्यामुळे तो किती जाड आहे यावर सगळे आहे. चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त असलेल्या पत्र्यावर प्रत्येक बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन जस्त असते, २७५ ग्रॅमच्या पत्र्यावर सुमारे १९. पत्रा घेताना हा आकडा विचारा. शिवाय आम्ल आणि तीव्र अल्कली जस्ताला झपाट्याने खातात. टरफलाच्या धुराच्या मार्गात नुसता जीआय म्हणूनच तग धरत नाही.

रंग द्यायचा तर साधा एनॅमल थेट जीआयवर मारू नये. त्यातल्या तेलाचा जस्ताशी संयोग होऊन खाली साबणासारखा थर बनतो आणि वर्षा-दोन वर्षांत रंग पापुद्र्यांनी सुटतो. आधी एच (etch) प्रायमर किंवा जीआयसाठीचा इपॉक्सी प्रायमर हवा.

गैरसमज : इपॉक्सी सर्वांत भारी, तोच सगळीकडे मारा.

वस्तुस्थिती : ओल आणि रसायने यांपुढे इपॉक्सी खरोखर उत्तम. पण उन्हात तो खडूसारखा पांढरा पडतो. छपरावरच्या व्हेंटिलेटरला आणि बाहेरच्या डक्टला इपॉक्सीवर पॉलियुरेथेनचा शेवटचा हात लागतो. सी-४ वर्गाच्या हवेत १५ ते २५ वर्षांचा टिकाऊपणा हवा तर अशा थरांची एकूण जाडी सुमारे २४० मायक्रॉन धरतात. ही वर्षे म्हणजे हमी नव्हे. पहिली मोठी डागडुजी केव्हा लागेल याचा तो अंदाज आहे.

हार्डनरही नीट निवडावा. काजूच्या टरफलाच्या तेलातून निघणाऱ्या कार्डेनॉलपासून ‘फेनाल्कमाइन’ नावाचे हार्डनर बनतात आणि ते दमट हवेतही इपॉक्सीला चांगले पक्के करतात. ज्या टरफलाचा धूर डक्ट खातो, त्याच टरफलाचे तेल त्याला वाचवू शकते. काजूच्या मुलखात हे सर्वांना ठाऊक हवे.

गैरसमज : चांदीचा रंग कितीही उष्णता सोसतो.

वस्तुस्थिती : साधा ॲल्युमिनियम रंग आणि सिलिकॉन ॲल्युमिनियम रंग दिसायला जुळे, पण उष्णता सोसण्यात फार फरक. भट्टीच्या धुराड्याला दुसराच हवा. तो ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो. तो पातळ थरातच द्यायचा, कारण जाड थर तापल्यावर फुगतो. आणि त्यातले बरेचसे प्रकार सुमारे २०० अंशांपर्यंत तापल्यावरच पूर्ण पक्के होतात, म्हणून भट्टी पेटवण्याआधी तो सांभाळावा लागतो. इपॉक्सी मात्र सव्वाशे अंशांच्या आसपासच हात टेकतो.

गैरसमज : जितका जाड थर, तितका पंखा सुरक्षित.

वस्तुस्थिती : डक्टला हे काही अंशी लागू पडेल, पात्यांना नाही. एका पात्यावर रंग जास्त, दुसऱ्यावर कमी झाला की चाकाचा तोल जातो, कंपने वाढतात आणि बेअरिंग लवकर जाते. पंख्याच्या चाकाला सर्वसाधारणपणे ‘जी ६.३’ दर्जाचा तोल लागतो. जुना रंग पूर्ण काढून सारखा, पातळ थर द्यावा आणि पुन्हा तोल तपासून घ्यावा. शाफ्ट, बेअरिंग आणि मोटरवरची माहितीची पट्टी झाकून ठेवावी.

गैरसमज : वरच्या रंगाची छटा ही फक्त शोभा.

वस्तुस्थिती : फिकट छटेवर गंजाचा पहिला डाग आणि तेलाची गळती लगेच दिसते, बाहेरचा पत्राही कमी तापतो. मात्र गर सुकवण्याच्या खोलीत छटेइतकेच रंगद्रव्य पाहावे. भारतात घरगुती आणि सजावटी रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम आहे. हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तो औद्योगिक रंगांना लागू नाही, त्यामुळे पिवळा किंवा नारिंगी एनॅमल घेताना शिसे आणि क्रोमेट नसल्याचे लेखी मागावे. जुना रंग कोरडा घासू नये, धूळ उडते. पॉलियुरेथेन फवारणाऱ्या पेंटरला योग्य श्वसन-मास्क दिलाच पाहिजे. तोंडाला बांधलेला रुमाल त्यातल्या आयसोसायनेटला अडवत नाही.

गैरसमज : पाऊस थांबला की लगेच रंगवायला घ्यावे.

वस्तुस्थिती : पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ च्या किंचित वर असतो. म्हणजे सावलीतला, सकाळचा गार पत्रा नापासच. न दिसणाऱ्या त्या ओलीवर मारलेला रंग पुढे फोड धरतो. बांद्यात दिवाळीनंतरचे कोरडे दिवस यासाठी उत्तम. नवी बी येण्याआधी काम उरकते आणि थरांना वाळायला वेळही मिळतो.

म्हणून पेंटरला काम देताना चौरस फुटाच्या दरासोबत चार गोष्टी कागदावर घ्या : पृष्ठभाग कोणत्या दर्जापर्यंत साफ होणार, कोणते थर कोणत्या क्रमाने, प्रत्येकाची सुकी जाडी किती मायक्रॉन, आणि ती मोजून कोण दाखवणार. ज्या भागातून धूर आणि वाफ जाते तिथे पहिला पैसा खर्च करा, दर्शनी भाग नंतर. डब्यापेक्षा साफसफाईला जास्त खर्च आला तर बिचकू नका. त्या खर्चावरच पंख्याचे आयुष्य आणि आत बसलेल्या माणसांचा श्वास अवलंबून आहे.