खेळता खेळता व्यायाम होतो का?

मुलांच्या हट्टापायी घरात व्हिडिओ गेम येतो. त्यातले व्यायामाचे खेळ आईने खेळले, तर वजन उतरेल का?

खेळाखेळात फरक आहे. निन्टेन्डो कंपनीच्या २००७ च्या 'वी फिट'मध्ये फळीवर उभं राहून तोल सांभाळायचे खेळ बरेच आहेत. त्यांत दम फारसा लागत नाही. २०१९ च्या 'रिंग फिट'मध्ये मात्र हातातलं कडं दाबायचं, ताणायचं, जागेवर धावायचं, बैठका मारायच्या. हातापायांना खरं काम मिळतं. 'जस्ट डान्स'मध्ये हातातल्या रिमोटची हालचाल मोजतात. बसून नुसता हात हलवला तरी गुण मिळतात!

म्हणून गुण नको, श्वास बघा. बोलता येतंय पण गाता येत नाही, इतका दम लागायला हवा. असा व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटं करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे अर्धा तास, पाच दिवस.

आता वजन. ६० किलोच्या बाईच्या अर्ध्या तासाच्या नाचात साधारण दीडशे कॅलरी खर्च होतात. एक बटाटेवडा खाल्ला, की त्या परत आल्या! ताट तेच ठेवून नुसत्या खेळाने वजन क्वचितच उतरतं. पण काटा हलला नाही, तरी रक्तातली साखर, रक्तदाब आणि झोप यांना फायदा होतोच.

गुडघे किंवा हृदयाचं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. खेळ मुद्दाम विकत आणू नका. रेडिओवरच्या गाण्यावर नाचलात तरी चालेल. घरात असेल, तर मात्र तो अर्धा तास हक्काने मागून घ्या.