एडन, रंगून, स्विंडन : देश वेगळा होतो तेव्हा

पनवेल तालुक्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांना जन्मठेपेची शिक्षा झाल्यावर त्यांची रवानगी एडनच्या तुरुंगात करण्यात आली आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. अरबस्तानच्या दक्षिण टोकावरचे एडन शिरढोणपासून किती दूर आहे, हे नकाशा पाहिला की कळते. मात्र कायद्याच्या दृष्टीने फडके मुंबई इलाख्याबाहेर गेलेच नव्हते. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने एडन घेतले, तेव्हापासून त्याचा कारभार मुंबई सरकारकडे होता. लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ या काळात ज्या मंडालेत कारावास भोगला, ते मंडालेही त्या वेळी हिंदुस्थानातच होते. रत्नागिरीत आणून ठेवलेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा १९१६ मध्ये तेथे मरण पावला, तोही त्याच सरकारच्या हद्दीत.

१ एप्रिल १९३७ रोजी हे चित्र बदलले. ब्रह्मदेश आणि एडन हे दोन्ही प्रदेश एकाच दिवशी ब्रिटिश हिंदुस्थानातून वेगळे झाले. आदल्या दिवशी रंगूनला निघालेला मजूर किंवा एडनला निघालेला कारकून स्वदेशातल्या स्वदेशात प्रवास करत होता, दुसऱ्या दिवशी तो परदेशी जाऊ लागला. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हा ‘तिथे राहणाऱ्या आमच्या माणसांचे काय?’ हा प्रश्न युरोपभर विचारला गेला. जणू तो प्रथमच उभा राहत होता! वास्तविक ऐंशी वर्षांपूर्वी याच प्रश्नाने दिल्ली आणि रंगूनमधील सचिवालयांना बेजार केले होते.

फारकतीच्या दिवशी प्रत्यक्षात काहीच घडत नाही, हे अशा घटनांचे पहिले वैशिष्ट्य. एडनमध्ये भारतीय रुपया पुढेही, १९५१ पर्यंत चालत राहिला. ब्रह्मदेशाच्या बाबतीत तर स्वतंत्र आदेश काढून भारतीयांच्या ये-जा करण्यावर किमान तीन वर्षे कोणतेही नवे निर्बंध घालता येणार नाहीत आणि त्यानंतरही बारा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागेल, अशी तजवीज करण्यात आली. आजच्या भाषेत ज्याला संक्रमणकाळ म्हणतात, तो हाच. पण अशा मुदतीचा उपयोग करायचा तो नंतरची व्यवस्था ठरवण्यासाठी. तो किती जण करून घेतात, हा खरा प्रश्न असतो.

ब्रह्मदेशात हा प्रश्न लहान नव्हता. १९३१ च्या जनगणनेनुसार तेथे दहा लाखांहून अधिक भारतीय होते आणि रंगून शहरात तर निम्म्याहून अधिक वस्ती त्यांचीच होती. त्यात तमिळ, तेलुगू, बंगाली आणि ओडिया लोकांचा भरणा मोठा, मराठी माणसे तुलनेने थोडी. भातशेतीच्या प्रमुख जिल्ह्यांतील सुमारे चौथा हिस्सा जमीन मंदीच्या काळात चेट्टियार सावकारांकडे गेली होती. स्थानिकांचा रोष साहजिक होता. मात्र १९३८ च्या दंगलींत तो सावकारापेक्षा रस्त्यावरच्या मजुराला अधिक सोसावा लागला. अखेर जून १९४१ मध्ये दोन्ही सरकारांत स्थलांतराचा करार झाला. त्यात कायमचे आणि मुदतीचे असे परवान्यांचे वर्ग होते. कोणाला कोणता वर्ग मिळणार, हे त्याचे ब्रह्मदेशातील वास्तव्य किती वर्षांचे, यावर अवलंबून होते. करारावर भारतात टीकेची झोड उठली. गांधीजींनीही त्याला विरोध केला.

एखादा माणूस ब्रह्मदेशात पंधरा वर्षे राहिला, हे सिद्ध कसे करायचे? चेट्टियाराकडे खातेवह्या आणि गहाणखते होती. बंदरावर पोती वाहणाऱ्याकडे काय होते? हंगाम संपला की गावी परतायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोटीत बसायचे, असे ज्याचे आयुष्य, त्याला ‘वास्तव्य’ हा शब्दच लागू करणे अवघड. स्थलांतराचे कायदे घर, पत्ता, पगारपत्रक असलेला माणूस डोळ्यांसमोर ठेवून लिहिले जातात आणि ज्याच्यापाशी यातले काहीच नाही, तो माणूस अशा कायद्याला दिसत नाही. हा दोष १९४१ च्या करारात होता आणि नंतरच्याही अनेक करारांत राहिला.

करार पुरता अमलात येण्यापूर्वीच डिसेंबर १९४१ मध्ये रंगूनवर जपानी बॉम्ब पडले. चार ते पाच लाख भारतीय मिळेल त्या वाटेने, बरेचसे डोंगर-जंगलांतून पायी, भारतात आले. हजारो वाटेतच मेले. ब्रह्मदेश ४ जानेवारी १९४८ रोजी स्वतंत्र झाला, तेव्हा नागरिकत्वासाठी अट आली ती अशी : १ जानेवारी १९४२ किंवा ४ जानेवारी १९४८ पूर्वीच्या दहा वर्षांपैकी आठ वर्षे देशात काढलेली असावीत. अनेकांनी अर्जच केला नाही, अनेकांपाशी पुरावा नव्हता. १९६२ मध्ये ने विन यांची लष्करी राजवट आली, दुकाने व व्यापार सरकारजमा झाला आणि त्या दशकात सुमारे तीन लाख भारतीयांनी देश सोडला. म्हणजे फारकत १९३७ ची, पण तिची किंमत पंचवीस वर्षांनंतर, बहुधा पुढच्या पिढीकडून वसूल झाली.

कराचीची कथा याहून चमत्कारिक आहे. सिंध प्रांत १ एप्रिल १९३६ रोजी मुंबई इलाख्यातून वेगळा झाला. ही फारकत देशांतर्गत असल्याने तेथील मराठी शिक्षक, कारकून, रेल्वे कर्मचारी यांना तिची झळ बसली नाही. पनवेलच्या बेथ एल सिनेगॉगची स्थापना १८४९ ची. कुलाबा जिल्ह्याच्या याच किनारपट्टीतून बाहेर पडलेल्या मराठीभाषक बेने इस्रायली समाजाने कराचीतही आपले सिनेगॉग १८९३ मध्ये उभारले होते. १९४७ मध्ये जुन्या प्रांतसीमेचीच आंतरराष्ट्रीय सीमा झाली. तरीही सुरुवातीचे काही महिने ये-जा मोकळी होती. जुलै १९४८ मध्ये भारताने परवाना पद्धत आणली आणि १९५२ पासून पारपत्र आवश्यक झाले. कराचीचे ते सिनेगॉग १९८८ मध्ये पाडण्यात आले.

भारताच्या राज्यघटनेलाही एका तारखेचा आधार घ्यावा लागला. अनुच्छेद ६ नुसार पाकिस्तानातून १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यांना एक नियम आणि त्यानंतर आलेल्यांना नोंदणीचा वेगळा नियम आहे. परदेशी राहणाऱ्यांसाठी अनुच्छेद ८ आहे. ज्याचे आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी भारतात जन्मले असेल, त्याला तेथील भारतीय वकिलातीत नोंदणी करून नागरिकत्व मिळवता येत होते. येथे ‘भारत’ म्हणजे १९३५ च्या कायद्यातील भारत. त्यात लाहोर आणि कराची येतात, परंतु रंगून आणि एडन येत नाहीत. रंगूनमध्ये जन्मलेल्या बापाच्या मुलाला आजोबांचे गाव दाखवावे लागणार, हे या एका व्याख्येने ठरवून टाकले.

एडनमधील भारतीयांवर ही वेळ उशिरा आली. १९५० च्या दशकातही हे बंदर भरभराटीचे होते, धीरूभाई अंबानी यांनी नोकरीची सुरुवात तेथेच केली. ब्रिटिश ३० नोव्हेंबर १९६७ रोजी बाहेर पडले, पाठोपाठ डाव्या राजवटीने राष्ट्रीयीकरण केले आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेली पारशी, गुजराती कुटुंबे निघाली. एडनच्या अग्यारीतील पवित्र अग्नी १९७६ मध्ये विमानाने मुंबईला आणण्यात आला आणि त्याची प्रतिष्ठापना लोणावळ्यास झाली. पनवेलहून बोरघाट चढून गेले की तो मुक्काम लागतो. एप्रिल २०१५ मध्ये भारतीय नौदल येमेनमधून हजारो भारतीयांना परत आणत होते, तेव्हा एडन बंदरातून आलेल्यांचे पूर्वज कधीकाळी तेथे पारपत्राविना जाऊ शकत होते, याची आठवण फारशी कोणाला झाली नाही.

पनवेलपासूनच सुरू होणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ गोव्यातून पुढे जातो आणि ब्रेक्झिटची सर्वाधिक झळ बसलेले भारतीय याच वाटेवरचे आहेत. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, तसेच त्यांच्या मुलांना व नातवंडांना पोर्तुगालचा कायदा नागरिकत्वाचा हक्क मान्य करत आला आहे. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेला आणि त्या जुन्या जन्मनोंदीला नवे मोल आले. लिस्बनला नोंदणी करायची, पोर्तुगीज पारपत्र घ्यायचे आणि राहायला जायचे ते मात्र इंग्लंडमध्ये. स्विंडन शहरात अशा गोमंतकीयांची मोठी वस्ती झाली. पोर्तुगीज भाषेचा गंध नसलेला, पण इंग्रजी जाणणारा सासष्टीचा तरुण तेथील गोदामात काम करू लागला तो युरोपीय नागरिक म्हणून.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडला आणि संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. या तारखेपर्यंत ब्रिटनमध्ये राहात असलेल्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून तेथे राहण्याचा दर्जा मिळवता आला : पाच वर्षे पूर्ण असतील तर कायमचा, कमी असतील तर तात्पुरता. मुदतीपर्यंत साठ लाखांहून अधिक अर्ज आले. आधीच्या कोणत्याही फारकतीपेक्षा ही व्यवस्था उदार होती, हे मान्य करायला हवे. नोकरी आणि कराच्या सरकारी नोंदींवरून बहुतेकांचे वास्तव्य आपोआप पडताळले गेले. रंगूनच्या हमालाला असे भाग्य लाभले नव्हते. तरीही रेषा आहेच. २०२१ मध्ये पारपत्र मिळालेल्या गोमंतकीयाला ब्रिटनमध्ये राहून काम करण्यासाठी इतर परदेशी माणसाप्रमाणे व्हिसा लागतो. कायमचा दर्जा असलेल्याचे नाते २०२० च्या अखेरीनंतर जुळले असेल, तर जोडीदाराला त्या सवलतीत नेता येत नाही. स्पेनमध्ये स्थायिक असलेल्या ब्रिटिश निवृत्तांचे तेथील हक्क टिकले, पण तेथून फ्रान्समध्ये जाऊन राहण्याचे स्वातंत्र्य गेले.

गोमंतकीयांची आणखी एक अडचण मायदेशी आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते. इंग्लंडची वाट बंद झाल्यावर परत यायचे ठरवले, तरी स्वतःच्या गावात राहायला ‘भारताचे परदेशस्थ नागरिक’ हे ओळखपत्र काढावे लागते. पोर्तुगालमध्ये जन्मनोंद झाल्यानंतरही भारतीय पारपत्र वापरल्याच्या कारणावरून अनेकांची पारपत्रे रद्द झाली आणि समर्पण प्रमाणपत्राअभावी त्यांचे हे ओळखपत्रही अडले. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पारपत्र रद्द झाल्याचे प्रमाणपत्र त्याऐवजी ग्राह्य धरण्याचा मार्ग काढला.