बर्फावर लाकूड, लाकडावर गर्दी
न्यूयॉर्कचं सध्याचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे क्रीडागृह १९६८ साली उघडलं, तेही चालू रेल्वे स्टेशनच्या डोक्यावर. त्यासाठी त्या पेन स्टेशनची देखणी जुनी इमारत पाडली, याची हळहळ शहराला अजून आहे. गार्डनचं गोल छत पोलादी दोरखंडांनी तोललेलं. मध्ये एकही खांब नाही, त्यामुळे कुणाची मान वाकडी होत नाही. खरी गंमत पायाखाली. आइस हॉकीचा बर्फ मोसमभर तसाच ठेवतात. त्यावर उष्णतारोधक फळ्या, फळ्यांवर बास्केटबॉलचं लाकडी मैदान तुकड्यातुकड्यांनी जोडायचं. कधी दुपारी एक खेळ, रात्री दुसरा! १९७१ मध्ये मुष्टियोद्धे अली आणि फ्रेझर इथेच भिडले. २०१४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांची सभाही इथेच झाली.