पन्नासातली दोन अंडी

अलिबागच्या एखाद्या वाडीत जा, हाताला येईल अशी माडाची झावळी खाली ओढा आणि एक पाती उलटून पाहा. नागाव, आक्षी, चौल, किहीम, आवास, कुठेही. पातीच्या पाठीवर पांढऱ्या मेणाची गोल वळणं आणि कापसासारखी लव दिसली, तर पाहुणी वाडीत पोचली आहे असं समजा. तिचं नाव रुगोज चक्राकार पांढरी माशी. नावात माशी असली तरी ती मावा-तुडतुड्यांच्या गणगोतातली, सोंडेने रस शोषणारी. अंगाने अडीच मिलिमीटर.

या अडीच मिलिमीटरच्या जिवाचं मूळ घर मध्य अमेरिका. बेलीझमध्ये सापडलेल्या नमुन्यांवरून 2004 साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं. 2009 मध्ये ती अमेरिकेत फ्लोरिडाला पोचली आणि ऑगस्ट 2016 मध्ये तामिळनाडूत पोल्लाचीच्या नारळबागांत दिसली. पुढच्या काही वर्षांत दक्षिणेतून वर सरकत तिने कोकण गाठलं. पोल्लाची ते अलिबाग सरळ रेषेत सुमारे हजार किलोमीटर. एवढं अंतर ती उडून काटत नाही, तिचं उडणं दुबळं असतं. रोपांबरोबर, झावळ्यांबरोबर, गाड्यांतून माणूसच तिला आणतो.

आता गणित करू. अंड्यापासून माशी व्हायला साधारण महिना लागतो. एका मादीने 50 अंडी घातली आणि त्यांत निम्म्या माद्या निघाल्या असं धरू. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात एक मादी वाडीत आली आणि तिच्या वंशातलं एकही अंडं मेलं नाही, तर दर महिन्याला माद्या पंचवीसपट होतात. महिन्याने 25, दोन महिन्यांनी 625, तीन महिन्यांनी 15,625. सहा महिन्यांनी 24 कोटी 41 लाख 40 हजार 625. या माद्या एकीमागे एक ओळीत उभ्या केल्या तर रांग 610 किलोमीटर भरते. सातव्या महिन्यात तीच रांग 15,259 किलोमीटर होते, म्हणजे अलिबागहून थेट तिच्या मूळ बेलीझपर्यंत जवळजवळ पोचते. आणि आठव्या महिन्यात, मृगाचा पाऊस तोंडावर असताना, 3 लाख 81 हजार किलोमीटर. चंद्र इथून सरासरी 3 लाख 84 हजार किलोमीटरवर आहे.

अर्थात असं कधीच होत नाही. बहुतेक अंडी आणि पिल्लं मरतात. पण किती मरतात, यावरच वाडीचं सगळं अवलंबून आहे. पन्नासांपैकी 48 मेली, तर एका मादीमागे एकच मादी उरते आणि संख्या जागच्या जागी राहते. 46 मेली, तर एकीच्या दोघी होतात आणि आठ महिन्यांत एकीच्या 256. म्हणजे 92 टक्के कीड मरत असतानाही वाडीतली पानं काजळीने काळी पडू शकतात! उलट 49 मेली, तर संख्या दर महिन्याला निम्मी होत जाते आणि 256 माद्यांची आठ महिन्यांनी एक उरते. पन्नासात दोन अंडी इकडे की तिकडे, एवढाच फरक.

ती उरलेली पिल्लं मारणारा मजूर फुकट मिळतो. एन्कार्सिया ग्वादेलुपी ही मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशी पांढऱ्या माशीच्या पिल्लात आपलं अंडं घालते आणि तिची अळी त्या पिल्लाला आतून खाऊन टाकते. भारतात पांढरी माशी पसरली तिथे तिच्या मागोमाग हीसुद्धा आढळली आहे.

आणि आपण काय करतो? पानं काळी दिसली की फवारणीचा पंप शोधतो. जरा मोजून पाहा. एका माडाला तीसेक झावळ्या, एका झावळीला दोनशेच्या वर पात्या. झाडामागे सहा हजार, आणि एकरी सत्तर झाडं धरली तर चार लाखांहून अधिक पात्या, पन्नास-साठ फुटांवर, आणि कीड त्यांच्या खालच्या अंगाला मेणाखाली बसलेली. औषध तिथवर पुरेसं पोचत नाही. उघड्यावर फिरणारी एन्कार्सिया मात्र त्याने मरते. एका फवारणीत आपण 48 चे 46 करून ठेवतो. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

पानांवरचा तो काळा थर हा रोग नव्हे. माशीच्या अंगातून गळणाऱ्या चिकट गोड स्रावावर वाढणारी ती काजळी बुरशी. ती पानावरचं ऊन अडवते, झाडाचं अन्न तयार होणं मंदावतं. खालच्या पोफळी, केळी, सगळ्यांवर ती उतरते. कासरगोडच्या केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेने सुचवलेला उपाय साधा आहे: एक टक्का स्टार्चचं पाणी फवारलं की थर वाळून पापुद्र्यासारखा सुटतो. पिवळे चिकट सापळे, कीड फारच वाढली तर कडुनिंबाचं तेल, आणि आयझेरिया नावाची कीडभक्षक बुरशी हेही उपाय आहेत. वाडीतली केळ आणि कर्दळ काढू नका. त्यांच्यावर एन्कार्सिया टिकून राहते.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने रायगडच्या वाड्या झोपवल्या. त्यानंतर लावलेलं रोप फळाला यायला पाच-सात वर्षं जातात, म्हणजे कित्येकांचा माड आत्ता कुठे पहिला नारळ धरतो आहे. त्या माडासाठी तरी दोन गोष्टी करा. बाहेरून आणलेलं कोणतंही रोप, मग ते बंगल्यापुढच्या शोभेच्या पामचं का असेना, पाती उलटून पाहिल्याशिवाय वाडीत उतरवू नका. आणि फवारणीआधी भिंग घेऊन पिल्लांच्या रिकाम्या कवचांकडे बघा. कवच इंग्रजी टी अक्षरासारखं फाटलेलं असेल, तर त्यातून पांढरी माशी निघाली आहे. गोल भोक असेल, तर एन्कार्सिया. गोल भोकं दिसू लागली असतील, तर विषारी औषधाचा पंप घरातच ठेवा.