आशाताईंचा आवाज आणि भजनी मंडळातला आवाज

२४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या हक्काची खरी परीक्षा आता माणसाच्या आवाजावरून होते आहे. सांगली संस्थानात जन्मलेल्या आशा भोसले यांनी आपल्या आवाजाची यांत्रिक नक्कल थांबवावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये न्या. आरिफ डॉक्टर यांनी त्यांना अंतरिम संरक्षण दिलं. कुणाचाही आवाज नामवंताच्या आवाजात बदलून देणारं एआय साधन परवानगीविना पुरवणं हाच हक्कभंग आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. अरिजित सिंग यांना याच न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये असाच दिलासा दिला होता. दोन्ही आदेश योग्यच आहेत. अडचण त्यांच्या पायात आहे. तो पाया आहे ‘व्यक्तिमत्त्व हक्का’चा, म्हणजे नावलौकिकाला बाजारात जी किंमत येते तिचा.

आता समजा, रहिमतपूरच्या एखाद्या भजनी मंडळातल्या बाईंनी आपला अभंग यूट्यूबवर टाकला. तो ऐकून घडवलेल्या आवाजात पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाला फोन येतो : ‘अरे, दवाखान्यात आहे, लगेच वीस हजार पाठव.’ या बाईंना नावलौकिकाचा आधार नाही. मग उरतो २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचं कलम ३ सांगतं, की व्यक्तीने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला हा कायदा लागूच नाही. गंमत पाहा : तोच अभंग मंडळातल्या कुणी बाईंना न विचारता टाकला असता, तर ही सूट लागू झाली नसती. म्हणजे ज्या साधनाने तो आवाज उचलला ते बनवणारी कंपनी कायद्याच्या कक्षेत येणार की नाही, हे ‘अपलोड’चं बटण कुणी दाबलं यावर ठरतं.

जे चव्हाट्यावर मांडलं ते खासगी कसं, असं यावर कुणी विचारेल. पण सार्वजनिक जागी गेल्याने माणसाचा खासगीपणा संपत नाही, हे पुट्टस्वामी निकालातच नोंदवलं आहे. अभंग ऐकायला दिला, आवाजाचा साचा काढायला नव्हे. फसवणुकीसाठी पोलीस आहेतच, हाही आक्षेप अपुरा आहे. फौजदारी कायदा पैसे गेल्यावर जागा होतो आणि भामट्याच्या मागे धावतो. साधन विकणारी कंपनी बाजूला राहते. अधिक वजनदार आक्षेप नकलाकारांचा आहे. आवाजावर मालकी मान्य केली तर एकपात्री प्रयोगातली पुढाऱ्याची नक्कलही बंद पडेल. ही भीती रास्त आहे, आणि म्हणूनच हक्काचा पाया मालमत्तेत नको, खासगीपणात हवा. नक्कल ऐकणाऱ्याला ती नक्कल आहे हे ठाऊक असतं. संमतीविना आवाजाचा साचा बनवून फसवणं ही वेगळी कृती आहे, आणि कायद्याला हा फरक करता येतो.

भरपाईची बाजू तर आणखी लंगडी आहे. नव्या कायद्यात दंडाची कमाल मर्यादा तब्बल २५० कोटी रुपये, पण ती रक्कम जाते भारताच्या संचित निधीत. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ, ज्याखाली निष्काळजी कंपनीकडून बाधित व्यक्तीला भरपाई मागता येते, तेच वगळण्याची तरतूद या कायद्यात आहे. शिवाय ४३अ खालच्या २०११ च्या नियमांनी आवाजाच्या ठशाला बोटांच्या ठशांबरोबर ‘संवेदनशील’ म्हटलं होतं. २०२३ च्या कायद्याने संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गच ठेवलेला नाही.