मोजमाप आणि कर्तव्य : नीतीचा पाया प्रयोगशाळेत सापडेल काय?

आमचे ईट हे भूम तालुक्यातील गाव. दूध आणि खवा हा या भागातील शेतकऱ्याचा मोठा आधार. संकलन केंद्रावर दुधात लॅक्टोमीटर बुडवला की पाणी मिसळले असल्याचा संशय तत्काळ येतो. दुधात पाणी घालू नये, हे मात्र तो लॅक्टोमीटर सांगत नाही. ही साधी गोष्ट आमच्या चिकित्सालयातील एका प्रसंगाने आम्हास नव्याने शिकविली.

संधिशूलाने त्रस्त अशा साठीतील एक आजीबाई आमच्याकडे आल्या. चेहरा गोल व फुगीर, त्वचा पातळ, किंचित धक्क्यानेही अंगावर काळेनिळे डाग, रक्तशर्करा वाढलेली. आठ महिन्यांपासून त्या एका विक्रेत्याकडील बिनलेबलाचे ‘वाताचे चूर्ण’ घेत होत्या. आम्ही नमुना तपासणीस पाठविला. त्यात डेक्सामेथासोन आढळले. हे स्टिरॉइड वेदना व सूज झपाट्याने दडपते. परंतु दीर्घकाळ घेतल्यास अस्थी ठिसूळ करते, शर्करा वाढविते आणि अधिवृक्क ग्रंथींचे स्वतःचे कार्य मंदावते. त्यामुळे ते एकाएकी बंद करणेही धोक्याचे. आजीबाईंना तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवून मात्रा हळूहळू उतरवावी लागली.

येथे आमचाही दोष सांगणे प्राप्त आहे. हीच पुडी खिशात घेऊन आलेले दोन रुग्ण आम्ही पूर्वी पाहिले होते. ‘आराम पडतो म्हणतात, असेल एखादा चांगला पाठ,’ असे म्हणून आम्ही चौकशी केली नाही.

विक्रेत्यास अहवाल दाखविला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “डॉक्टरसाहेब, चूर्णात काय आहे ते यात लिहिलंय. मी चूक केली, हे यात कुठं लिहिलंय? म्हातारीला आठ महिने चालता आलं, ते वाईट का?”

उत्तर उद्धट असले तरी प्रश्न जुना आणि खरा आहे. ‘आहे’ या विधानातून ‘असावे’ हे विधान आपोआप निघत नाही, असे स्कॉटिश तत्त्वचिंतक डेव्हिड ह्यूम याने १७३९-४० मध्ये दाखविले. एकोणिसाव्या शतकात हर्बर्ट स्पेन्सर याने १८७९ च्या आपल्या ग्रंथात उत्क्रांतीच्या नियमांवर नीतिशास्त्र उभारण्याचा प्रयत्न केला. मिल्ल व स्पेन्सर यांच्या वाचनाने प्रभावित झालेले गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८८ पासून ‘सुधारक’ पत्रातून नीतीला धर्माज्ञेचा टेकू लागत नाही, विवेक आणि मनुष्याचे सुख हाच तिचा आधार, असा विचार महाराष्ट्रात निर्भयपणे मांडला. पुढे १९०३ मध्ये जी. ई. मूर याने आक्षेप घेतला, की एखादी गोष्ट निसर्गात घडते एवढ्यावरून ती चांगली ठरत नाही.

अलीकडे, २०१० मध्ये, सॅम हॅरिस या अमेरिकन लेखकाने आपल्याच क्षेत्रातील दाखला दिला. ‘आरोग्य’ हे मूल्य वैद्यकशास्त्र गृहीतच धरते. तरीही त्याला कोणी अशास्त्रीय म्हणत नाही. मग ‘कल्याण’ हे मूल्य गृहीत धरून नीतीचेही शास्त्र का होऊ नये?

वैद्याला हा युक्तिवाद सहज पटेल. तथापि चरकाचार्यांनी येथे एक महत्त्वाचा भेद केलेला आहे. सूत्रस्थानात त्यांनी सुखायु आणि हितायु वेगळे सांगितले. शरीर व मन निरोगी, बल व साधने भरपूर, ते सुखायु. सर्व प्राण्यांचे हित इच्छिणारा, परधनाचा लोभ न धरणारा, सत्य बोलणारा, त्याचे आयुष्य हितायु. उत्तम नाडीचा, निरोगी मनुष्यही लबाड असू शकतो! सुखायु बऱ्याच अंशी मोजता येते. कोणाचे हित आपल्या हिशेबात धरावयाचे, हे मात्र कोणतेही यंत्र ठरवीत नाही.

आपल्या व्यवसायातील एक उदाहरण पाहावे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात अहवाल आला, की बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळले. त्यानंतर १ जानेवारी २००६ पासून भारत शासनाने निर्यातीच्या वनस्पतिज औषधांना जड धातूंची तपासणी सक्तीची केली. शिशाची मर्यादा दशलक्षांश १० भाग. शिसे किती, हे यंत्राने सांगितले. किती धोका पत्करावा, हे माणसांनी ठरविले. शिसे परदेशी आणि देशी शरीरात भेद करीत नाही. त्या वेळी सक्ती मात्र निर्यातीपुरतीच होती. हा भेद रसायनशास्त्रातून आलेला नव्हता.

मग नीती म्हणजे ज्याची त्याची मर्जी काय? आम्हास तसे वाटत नाही. ‘रुग्णाचे अहित करू नये’ हे एकदा स्वीकारले, आणि ते न स्वीकारता कोणी वैद्य होऊच शकत नाही, की पुढे विज्ञानाचा शब्द टाळता येत नाही. मोजता येत असूनही न मोजणे हाच तेव्हा अपराध ठरतो. त्या विक्रेत्याला आम्ही एवढेच विचारले, “पुडीत काय आहे ते आजीबाईंना सांगून दिले असते काय?” तो गप्प राहिला. जे कृत्य, ज्याच्यावर ते घडते त्याच्यासमोर उघड सांगता येत नाही, ते चूक आहे हे ओळखण्यास यंत्र लागत नाही. आणि ही कसोटी त्याला, तुम्हाला व आम्हाला सारखीच लागू आहे.

प्रज्ञापराध म्हणजे धी, धृति व स्मृति यांचा भ्रंश. प्रयोगशाळा धीला साहाय्य करते. परंतु कळलेले आचरणात आणण्यासाठी धृति लागते, आणि ती ज्याची त्यालाच राखावी लागते. आमच्या बाबतीत तर धीचा प्रयत्नही उशिरा झाला.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींना व औषधविक्रेत्यांना विनंती आहे. बिनलेबलाचे औषध दुकानात ठेवू नये. उत्पादकाकडे प्रत्येक घाण्याचा तपासणी अहवाल मागावा. अतिशीघ्र गुण देणाऱ्या पुडीची चौकशी करावी आणि संशय बळावल्यास अन्न व औषध प्रशासनास कळवावे. रुग्णास मात्र ती एकाएकी बंद करावयास सांगू नये.

आजीबाई आता काठी घेऊन सावकाश चालतात. गुडघे दुखतात, अशी तक्रारही करतात. परंतु आपण कोणते औषध घेतो, हे त्यांना ठाऊक आहे.